उच्चार एक, गोत्रं अनेक



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तेव्हा आजचा विषय इंग्रजीचाच असावा आणि तोही शाळेच्या फळ्यावरून उचललेला असावा, असं मनात आलं. इंग्रजीच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा: पुढील जोड्यांमधील अर्थाचा फरक सांगा. 'सन' आणि 'सन', 'राइट' आणि 'राइट', 'मेल' आणि 'मेल'. देवनागरीत दोन्ही शब्द हुबेहूब एक दिसतात. रोमन लिपीत स्पेलिंगं निराळी. आपण अर्थ पाठ केले, स्पेलिंगं घोटली, मार्क मिळवले. या जोड्या जमल्या कशा, हे कुणी विचारलं नाही. पेपरात येणार नव्हतं ना!

एका इमारतीत तीन कुलकर्णी राहतात. एक सोलापूरकडचे, एक कऱ्हाडचे, एक बेळगावचे. पोस्टमनचा घोटाळा होतो, पण त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. त्यातल्याच एकाचा सख्खा चुलतभाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो, तो मात्र आडनाव इनामदार लावतो. सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांचं असंच आहे. शेजारी नात्यातला असेलच असं नाही आणि खरा नातलग भलत्याच नावानं, भलत्याच भाषेत सापडतो. कधी कधी तो आपल्याच माजघरात सापडतो. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळी उदाहरणं.

सुरुवात 'नाइट'पासून करू. एक नाइट म्हणजे रात्र, दुसरा म्हणजे चिलखत घालून घोड्यावर बसणारा सरदार. दुसऱ्याच्या स्पेलिंगात आरंभी 'के' आहे, दोघांच्याही पोटात 'जी-एच' आहे, आणि मुलं विचारतात की बोलायचं नाही तर लिहायचं कशाला. उत्तर साधं आहे: पूर्वी बोलत होते म्हणून. कवी चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, सरदाराला 'क्निख्ट' म्हणत आणि रात्रीला 'निख्ट'. मधला 'ख' घशातून खरवडून काढलेला, जर्मन माणूस आजही काढतो तसा. दोन्ही शब्द सुट्टे ऐकू येत, घोटाळ्याला जागाच नव्हती. मग घशातला आवाज बहुतेक ठिकाणी विरला. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आरंभीचा 'क'ही गेला. स्वर बदलून 'इ'चा 'आइ' झाला आणि दोन परके शब्द एका उच्चारात येऊन राहिले.

दोघांच्या नातलगांकडे पाहिलं तर जुन्या इंग्रजीत 'क्निख्ट' म्हणजे पोरगा, पोऱ्या, चाकर. जर्मनमध्ये 'क्नेख्ट' आजही चाकरच राहिला आहे. इंग्लंडात मात्र राजाचा चाकर, मग राजाचा लढवय्या, मग सरदार, अशी त्याची बढती होत गेली. आणि रात्रवाला 'निख्ट' आपला जवळचा. संस्कृतातला 'नक्त' तो हाच. दिवसभर उपास करून रात्री एकदा जेवायचं त्या व्रताला 'नक्त' म्हणतात. आजींच्या पिढीला हा शब्द सांगावा लागत नसे. म्हणजे सोमवारचं नक्त आणि इंग्रजांचं 'गुड नाइट' एका कुळातले, आणि सरदार 'नाइट' त्या घरात फक्त भाडेकरू.

मग उच्चार बदलला तशी स्पेलिंगं का बदलली नाहीत? इथे छापखाना आडवा आला. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. जुळारी खिळे जुळवू लागले आणि पुढच्या दोन शतकांत स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली. नेमक्या त्याच काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागचे हलत होते. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडितानं या उलथापालथीला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट', म्हणजे स्वरांचं महास्थलांतर, असं नाव दिलं. 'टाइम' पूर्वी 'टीम'सारखा, 'हाउस' पूर्वी 'हूस', आणि 'नेम' हा तर जवळजवळ आपल्या 'नाम'सारखाच उच्चारला जाई. खिळे एका उच्चाराचे जुळवले गेले आणि लोकांची तोंडं दुसरीकडे गेली. आपण शाळेत घोटलं ते पंधराव्या शतकातलं ध्वनिमुद्रण.

हे सगळं पंडितांचे अंदाज आहेत असं वाटेल. पण पुरावे आहेत आणि ते मजेदार आहेत. शेक्सपियरच्या 'हेन्री चौथा'च्या पहिल्या भागात फॉल्स्टाफ या जाड्या, थापाड्या सरदाराकडे कारण मागतात. तो म्हणतो, कारणं रानातल्या काळ्या बोरांइतकी मुबलक असती तरी जबरदस्तीनं मी एकही देणार नाही. आता कारणाचा आणि फळाचा संबंध काय? आज वाचणाऱ्याला काही नाही. पण त्या काळी कारण या अर्थाचा 'रीझन' आणि मनुका या अर्थाचा 'रेझिन' यांचे उच्चार एकमेकांना अगदी खेटून होते, त्यामुळे प्रेक्षक खो खो हसत असणार. उच्चार फुटले आणि विनोद मेला. स्पष्टीकरण देऊन जिवंत होईना. तसंच चहाचं. अठराव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर पोपनं 'द रेप ऑफ द लॉक'मध्ये 'टी'चं यमक 'ओबे'शी जुळवलं आहे. कवीची चूक नव्हे. तेव्हा चहाला 'टे' म्हणत. 'मीट' या भेटीच्या आणि 'मीट' या मांसाच्या शब्दांची गाठही अशीच उशिरा पडली. मांसवाल्या 'मीट'चा स्वर पूर्वी वेगळा होता, अर्थही वेगळा: कुठलंही खाणं.

आता 'सन'. मुलगा आणि सूर्य. शाळेच्या यादीतली बहुधा पहिली जोडी. यातला मुलगा संस्कृतात 'सूनु' आहे आणि सूर्य हा 'सूर्य' आणि 'स्वर्' यांच्या कुळातला. संस्कृतात या दोघांत कुणाचा घोटाळा होत नाही. इंग्रजीत शब्दांची शेपटं गळाली आणि दोघे एक झाले. मुलाच्या स्पेलिंगात 'यू' असायला हवा होता, तो 'ओ' कसा झाला, याची गोष्ट लेखनिकांची आहे. त्या काळच्या टोकदार गॉथिक वळणात 'यू', 'एन', 'एम', 'व्ही' ही सगळी अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. चार-पाच रेघा एका ओळीत आल्या की कुठे अक्षर सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळेना. म्हणून अशा रेघांच्या शेजारी 'यू'ऐवजी 'ओ' लिहायची पद्धत पडली. 'लव्ह', 'कम', 'मंक' यांत आपल्याला नाहक छळणारा 'ओ' तिथूनच आला. मोडी वाचणाऱ्यांना हे दुःख समजेल. सूर्याचा 'यू' मात्र वाचला, आणि परीक्षेला एक जोडी मिळाली. शेक्सपियरला ती फार आधी मिळाली होती. 'तिसरा रिचर्ड' नाटकाच्या तोंडालाच 'सन'वर कोटी आहे: चौथा एडवर्ड यॉर्कच्या ड्यूकचा मुलगा, आणि त्याचं मानचिन्ह सूर्य.

यापेक्षा मला 'बेअर' जास्त आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो. तीन 'बेअर' आहेत. एक वाहणं, सोसणं. एक उघडं, बोडकं. आणि एक अस्वल. सोसण्याचा 'बेअर' म्हणजे संस्कृत 'भर्', 'भरति'. आपला भार, भारा, भरणपोषण हे सगळे त्याचे सगेसोयरे. उघडा 'बेअर' जर्मन कुळातला, त्याचं आपल्याला काही देणंघेणं नाही. राहिलं अस्वल. अस्वलाला मूळ भाषेत एक चांगला शब्द होता. संस्कृतात तो 'ऋक्ष' झाला, ग्रीकमध्ये 'आर्क्टोस', लॅटिनमध्ये 'उर्सुस'. ऋग्वेदात सप्तर्षींच्या ताऱ्यांनाही 'ऋक्ष' म्हटलं आहे, आणि ग्रीकांनी त्याच ताऱ्यांत मोठं अस्वल पाहिलं. उत्तर ध्रुवाच्या प्रदेशाला 'आर्क्टिक' म्हणतात ते त्या अस्वलावरून.

पण हा शब्द इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये नाही, डॅनिशमध्ये नाही. उत्तरेच्या जंगलात राहणाऱ्या जर्मानिक लोकांनी तो टाकून दिला आणि त्या जनावराला 'तपकिऱ्या' अशा अर्थाचा शब्द लावला. 'बेअर' तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. का टाकला? नाव घेतलं की येतं म्हणून. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. गावाकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात. बांगडी फुटत नाही, 'वाढवते'. दिवा विझवत नाहीत, मालवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. जर्मानिक लोकांनी असंच अस्वल 'वाढवलं', आणि इतकं वाढवलं की खरं नाव कायमचं विसरले. रशियन लोकांनीही तेच केलं. ते अस्वलाला 'मध खाणारा' म्हणतात. 'मेद्वेद' या त्यांच्या शब्दात आपला 'मधु' स्पष्ट ऐकू येतो.

इथवर आपण शेजारी पाहिले. आता सख्खे भाऊ पाहू, ज्यांना शाळेनं परके म्हणून शिकवलं.

'फ्लावर' म्हणजे फूल आणि 'फ्लावर' म्हणजे पीठ. स्पेलिंगं वेगळी, अर्थ वेगळे, जोडी पाठ. प्रत्यक्षात हा एकच शब्द आहे. दळलेल्या गव्हातला सर्वांत मऊ, सर्वांत पांढरा भाग म्हणजे गव्हाचं फूल, असं फ्रेंच लोक म्हणत. इंग्रजांनी फूलही तिथूनच घेतलं आणि पीठही. डॉ. जॉन्सननं १७५५ साली कोश केला त्यात पिठासाठी वेगळं स्पेलिंगच नाही. पिठाचा अर्थ फुलाच्या नोंदीतच टाकला आहे. पुढे सोयीसाठी स्पेलिंग फोडलं आणि एका घराच्या दोन चुली झाल्या. आपल्या मंडईत याच शब्दाचा तिसरा संसार आहे. 'फ्लॉवर कसा दिला?' असं आपण विचारतो तेव्हा कोबीचं फूल या अर्थाच्या 'कॉलिफ्लॉवर'मधला कोबी गाळून नुसतं फूल मागत असतो.

'स्टेशनरी'चंही तसंच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात वह्या-पेन्सिली घ्यायला जाणाऱ्यांनी दुकानांच्या पाट्या नीट पाहाव्यात. काही पाट्यांवर 'ई'च्या जागी 'ए' असतो आणि इंग्रजीचे शिक्षक कपाळाला हात लावतात, कारण 'ए'वाला 'स्टेशनरी' म्हणजे जागचा न हलणारा. पण पाटी रंगवणाऱ्याची बाजू इतिहासाला धरून आहे. मध्ययुगात बहुतेक विक्रेते पाठीवर माल टाकून गावोगाव फिरायचे. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं, कागद विकणाऱ्यांची दुकानं मात्र एका जागी असत, म्हणून ते 'स्टेशनर', स्थिर दुकानदार. त्यांच्या लंडनमधल्या मंडळीला १५५७ साली राजसनद मिळाली. त्यांच्याकडे मिळतो तो माल 'स्टेशनरी'. म्हणजे वह्या-पेन्सिलींचं दुकान आणि जागचं न हलणं ही एकच गोष्ट आहे. 'मेटल' हा धातू आणि 'मेटल' ही माणसातली धमक, हेसुद्धा असंच फोडलेलं घर.

यातला एक शब्द फोडायचा राहून गेला: 'प्यूपिल'. विद्यार्थी आणि डोळ्याची बाहुली, दोन्हीला एकच स्पेलिंग. लॅटिनमध्ये 'पूपा' म्हणजे मुलगी, बाहुली. त्यावरून छोटं, पोरकं, कुणाच्या पालकत्वाखाली असलेलं मूल, आणि त्यावरून विद्यार्थी. आणि समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की आपलं इवलंसं प्रतिबिंब बाहुलीसारखं दिसतं, म्हणून डोळ्याच्या त्या काळ्या ठिपक्यालाही तेच नाव. ग्रीक लोक त्याला 'कोरे' म्हणत, म्हणजे मुलगी. संस्कृतात 'कनीनिका', तीही छोटी मुलगी. मराठीत 'बाहुली'. इथे कुणी कुणाचा शब्द उचललेला दिसत नाही. सगळ्यांनी डोळ्यात डोळे घालून पाहिलं आणि सगळ्यांना तेच दिसलं.

आता बुद्धिबळाच्या पटावर येऊ. 'चेक' म्हणजे तपासणी आणि 'चेक' म्हणजे बँकेत वटतो तो. ब्रिटिश स्पेलिंगात हे दोन वेगळे, अमेरिकन स्पेलिंगात एकच. अमेरिकनांचं बरोबर आहे, कारण शब्द एकच आहे आणि तो आपण रोज वापरतो: शह. फारसी 'शाह', म्हणजे राजा. पटावर राजाला धोका आला की खेळाडू 'शाह!' म्हणून बजावायचा. तो शब्द अरबीतून लॅटिनमध्ये आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' होऊन इंग्लंडला पोचला आणि 'चेक' झाला. राजाला शह म्हणजे त्याला अडवणं. अडवण्यावरून रोखणं, रोखण्यावरून नजर ठेवणं, तपासणं. अठराव्या शतकात पैशाच्या हुकमाची खोटी प्रत कुणी करू नये म्हणून ताडून पाहायला स्थळप्रत ठेवू लागले. ती स्थळप्रत म्हणजे 'चेक', आणि पुढे हुकमालाच ते नाव पडलं. 'शाह मात'मधला 'मात' आपण 'मात करणे'मध्ये ठेवला, इंग्रजांनी 'चेकमेट'मध्ये. 'चेस' हे खेळाचं नावही मुळात या 'चेक'चंच अनेकवचन.

इतकंच नाही. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा हिशेब चौकटींच्या कापडावर सोंगट्या सरकवून करत. ते कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे, म्हणून त्या कचेरीला पटाचंच नाव मिळालं: 'एक्सचेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो, आणि बँकेच्या चेकचं स्पेलिंग निराळं झालं तेही या 'एक्सचेकर'च्या छायेनं. तेव्हा चेक्सचा शर्ट घालून, चेकनाक्यावर गाडी थांबवून, खिशात चेक घेऊन जाणारा माणूस इराणच्या राजाला तीनदा मुजरा करत असतो. पटावरच्या 'रूक'चंही तसंच. आपण ज्याला हत्ती म्हणतो तो त्यांचा 'रूक' फारसी 'रुख'वरून आला. इंग्लंडच्या शेतात दिसणारा कावळ्याच्या जातीचा 'रूक' वेगळा. तो त्याच्या ओरडण्यावरून पडलेला अस्सल इंग्रजी शब्द.

'मेल'ची भानगड मोठी आहे. पुरुष या अर्थाचा 'मेल' सोडून देऊ, तो लॅटिनचा. डाक नेणारी 'मेल' म्हणजे मूळची पिशवी, थैली. पत्रांची थैली, मग पत्रं, मग ती नेणारी गाडी, मग पंजाब मेल, आणि आता पिशवीही नाही, कागदही नाही, तरी 'ईमेल'. चिलखताच्या कड्यांची 'मेल' लॅटिनमधल्या जाळीच्या डोळ्यावरून. आणि 'ब्लॅकमेल'मधली 'मेल' या तिघींपैकी कुणाचीच नाही. ती स्कॉटलंडची, करार आणि खंड या अर्थाची. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीवरचे टोळीप्रमुख शेतकऱ्यांकडून वसुली करत: पैसे द्या, म्हणजे आम्ही लुटणार नाही आणि दुसऱ्यालाही लुटू देणार नाही. हे ऐकून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चौथाई आठवेल. आठवू द्या, फक्त एवढं लक्षात ठेवा की बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून चौथाईच्या रीतसर सनदा आणल्या होत्या. सरहद्दीवरच्या स्कॉट मंडळींनी एवढी तसदी घेतली नाही.

चार 'राइट' आहेत, त्यातला एकच घेतो, कारण तो मुंबईचा आहे. 'डब्ल्यू'नं सुरू होणारा आणि 'जी-एच-टी'नं संपणारा 'राइट' म्हणजे कारागीर, घडवणारा. गाडी घडवणारा 'कार्टराइट', चाक घडवणारा 'व्हीलराइट'. 'प्लेराइट' म्हणजे नाटककार, त्याच्या स्पेलिंगात लिहिण्याचा 'राइट' नाही, हे नाटकवाल्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. नाटक लिहीत नाहीत, सुतारासारखं घडवतात, असा त्यातला भाव. सतराव्या शतकात बेन जॉन्सननं हा शब्द वापरला तो मात्र टवाळीनं. आणि जहाज घडवणारा 'शिपराइट'. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजं बांधली. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीतून पाण्यात सोडलेलं त्यांचं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही उभं आहे. तिथे वाडियांना 'मास्टर शिपराइट' म्हटलेलं दिसलं तर स्पेलिंग तपासून घ्यावं.

काही ठिकाणी घोटाळा विद्वानांनी केला. 'आयलंड'मध्ये 'एस' कशाला? मूळ शब्दात तो कधीच नव्हता. पाण्यातली जमीन अशा अर्थाचा तो अस्सल इंग्रजी शब्द. पण लॅटिन 'इन्सुला'वरून आलेला 'आइल' शेजारी होता, त्याच्याकडे पाहून पंडितांनी 'आयलंड'लाही 'एस' चिकटवला. मग चर्चमधल्या आणि आता विमानातल्या बाकांमधली वाट, 'आइल', जी मुळात पंख या अर्थाच्या शब्दावरून आली, तिलाही तोच 'एस' लागला. तीन वेगळी कुळं आणि एक खोटा कुलवृत्तांत.

या सगळ्याचा इंग्रजांना त्रास होत नाही का? झाला. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१९ साली याच विषयावर एक पुस्तिका लिहिली आणि असे सारख्या उच्चाराचे शब्द भाषेला घातक आहेत, ते एकमेकांना मारतात, अशी तक्रार केली. बर्नार्ड शॉनं तर नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. त्या लिपीत १९६२ साली त्याचं 'अँड्रोक्लिस अँड द लायन' हे नाटक छापलंही गेलं, आणि कुणी वाचलं नाही. मला ब्रिजेसची भीती पटत नाही. 'आय हॅव अ सन' म्हणणाऱ्या बाईला कुणी सूर्याबद्दल विचारत नाही. आपल्याकडे तर उलटी तऱ्हा आहे: पाण्याचा 'जग' आणि अख्खं 'जग' यांचं अक्षर एक, उच्चार दोन, आणि मराठी माणूस त्यात आजवर कधी बुडालेला नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. 'सूनु' आणि 'सन', 'नक्त' आणि 'नाइट' हे ऐकून छाती फुगते, आणि मग माणूस सुटतो. पु. ना. ओक यांनी व्हॅटिकनमध्ये 'वाटिका' पाहिली आणि ख्रिश्चॅनिटीत 'कृष्णनीती' ऐकली. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचं नाव ख्रिस्ताच्याही आधीचं आहे, ही अडचण त्यांना आडवी आली नाही. सर विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळाच्या असल्याचं सांगितलं, तो उच्चारांच्या योगायोगावर विसंबला नव्हता. धातू आणि व्याकरणाची रूपं पाहून बोलला. याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये आवाजांचे नियम बसवले. संस्कृतात जिथे 'द' तिथे इंग्रजीत 'ट': द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. हा नियम लावला की 'दिवस' आणि 'डे' यांचं नातं तुटतं, कारण दिवसाच्या इंग्रजी नातलगाच्या आरंभी 'ट' असायला हवा. तो नातलग आहे, पण मंगळवारात लपला आहे: 'ट्यूझडे'मधला 'ट्यू' देव म्हणजे आपल्या 'द्यौः'चा नातलग, दिवसाच्याच घरातला. आणि बदनाम, बदसूर यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजांचा 'बॅड'? अर्थ तोच, आवाज जवळजवळ तोच, नातं शून्य. निव्वळ योगायोग.

काही जोड्या आपण स्वतः तयार केल्या. मराठीत 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांच्यातला भेद जिभेला नाही, म्हणून लिहिताना आपण 'व्ह' काढला: व्हॅन, व्हिटॅमिन, पण वॉर्ड, वॉच. बोलताना मात्र 'वाइन' आणि 'व्हाइन' सरमिसळ. यात लाज वाटायला नको. रोमन लोक लॅटिन 'व्ही' आपल्या 'व'सारखाच उच्चारत. जर्मानिक लोकांनी त्यांच्याकडून दारू घेतली तेव्हा 'व'सकट शब्द घेतला, तो 'वाइन'. द्राक्षवेल या अर्थाचा 'व्हाइन' १०६६ नंतर फ्रेंचांच्या तोंडून आला, तोवर 'व'चा 'व्ह' झाला होता. एकाच लॅटिन घराण्यातले दोघे दोन वाटांनी आले. नाशिकच्या वायनरीत दोन्ही शब्द एका उच्चारात म्हणणारा शेतकरी नकळत जुलियस सीझरच्या उच्चाराच्या जास्त जवळ असतो.

आणि काही जोड्यांतला एक जोडीदार आपणच पुरवला. 'कॉट' म्हणजे इंग्रजीत झोपडी, जुना शब्द. आणि 'कॉट' म्हणजे पलंग, ती आपली खाट. सतराव्या शतकात कंपनीच्या लोकांनी नेली आणि पुढे लोखंडाची करून परत पाठवली, तेव्हा आपण तिला ओळखलं नाही. घरात खाट वेगळी आणि कॉट वेगळी. 'चिट' म्हणजे इंग्रजीत उद्धट पोरगी आणि 'चिट' म्हणजे आपली चिठ्ठी, जी आता मंत्र्यांना 'क्लीन' मिळते. 'कॅश' म्हणजे रोकड, ती युरोपातल्या पेटीवरून. पण दक्षिणेत चालणाऱ्या तांब्याच्या नाण्यालाही इंग्रज 'कॅश'च म्हणत, तो तमिळ 'कासु' पोर्तुगीजांमार्फत गेलेला. शेवटचा आपल्या खास मालकीचा. 'मंगूस' हा शब्द इंग्रजीत मराठी मुंगसावरून गेला. जाताना त्याच्या शेपटीत इंग्रजांना आपला 'गूस' ऐकू आला आणि त्यांनी स्पेलिंगही तसंच करून टाकलं. गूस म्हणजे हंस, आणि तो खरोखरच संस्कृत हंसाचा भाऊबंद आहे. म्हणून हंस अनेक झाले की 'गीस' होतात. मुंगसं कितीही जमली तरी 'मंगीस' होत नाहीत, 'मंगूसेस'च राहतात.